पाटीला दिलेला हात

विरार पूर्वेला फुलपाड्यात आम्ही राहायला आलो तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवऱ्याची नोकरी अंधेरीला, माझी इथल्याच एका शाळेत, चित्रकलेची. तो अंधारात बाहेर पडायचा आणि अंधारात परत यायचा. मी दुपारी मोकळी व्हायचे. माझं माहेर रत्नागिरीकडचं. नव्या इमारतीत चारही मजल्यांवर कुणी ओळखीचं नव्हतं आणि दुपार फार लांब वाटायची.

त्या वर्षी माझा भाऊ बोटीवरून सुट्टीवर आला आणि जाताना त्याचा जुना कॅमेरा माझ्याकडे ठेवून गेला. रशियन बनावटीचा, विटेसारखा जड. "तुला चित्रं काढता येतात, मग हेही जमेल," म्हणाला. मला रोलसुद्धा भरता येत नव्हता. तो शिकवला स्टेशनजवळच्या एका स्टुडिओवाल्या काकांनी. काका वसईचे, साठीला आलेले. चर्चमधल्या लग्नांचे फोटो काढण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्याकडे मागच्या खोलीत डार्करूम होती आणि कृष्णधवल रोल ते अजून स्वतःच्या हातांनी धुवायचे. त्यांनी मला उभं कसं राहायचं तेच आधी शिकवलं. पाय थोडे फाकवून, कोपरं बरगड्यांना लावून, श्वास धरून. "हात हलला की फोटो गेला, बाई. बाकी सगळं नंतर."

मी महिन्याला एक रोल काढायचे. घराजवळच सकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना बाजार भरायचा. चांदीपहून, शिरसाडहून बायका टेंपोतून पाट्या घेऊन यायच्या. पावसाळ्यात काकड्या आणि शिराळी, थंडीत वालाच्या शेंगा, मुळे, लाल माठ. सुट्टीच्या दिवशी मी कापडी पिशवीत कॅमेरा घालून जायचे. भाजी घ्यायचे, मग कॅमेरा काढायचे. सुरुवातीला बायका पदर सावरायच्या, तोंड फिरवायच्या. पुढे त्यांना माझी सवय झाली. शाळेतली बाई आहे, तिला नाद आहे, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

त्यांच्यात चांदीपची एक मुलगी होती. वय एकोणीस-वीस असेल. आईचे गुडघे धरले म्हणून पाटी घेऊन ती येऊ लागली होती. तिच्याकडच्या शेंगा कोवळ्या असायच्या आणि ती भाव करताना हसायची, म्हणून मी बहुतेक तिच्याकडूनच घ्यायचे. याहून जास्त ओळख नव्हती. आणि एक पाववाला होता, पंचविशीतला. सायकलच्या मागे पत्र्याची पेटी लावून बेकरीचे पाव घरोघर टाकायचा. बाजाराच्या तोंडाशी तो थोडा वेळ थांबायचा. कशासाठी थांबतो, ते मी तेव्हा पाहिलं नव्हतं.

माघातला रविवार होता. ऊन स्वच्छ होतं, नऊ वाजले असतील. ती मुलगी जागा बदलून पुढच्या गल्लीत जायला निघाली होती. पाटी अर्ध्याहून भरलेली. एकटीला ती डोक्यावर घेता येत नाही, समोरून कुणीतरी हात द्यावा लागतो. एरवी शेजारची बाई देत असणार, असं मी धरलं होतं. त्या दिवशी पाववाल्याने सायकल स्टँडला लावली आणि तो पुढे झाला. दोघं वाकली, दोघांनी मिळून पाटी उचलली आणि ती पाटीखाली शिरली. पाटी चुंबळीवर टेकली त्या क्षणी तिचे दोन्ही हात वर होते, त्याचेही वर होते, तिचा चेहरा त्याच्याकडे उचललेला होता आणि ती हसत होती. तो हसत नव्हता. तो नुसता बघत होता.

मी बटण दाबलं. एका सेकंदाचा अडीचशेवा भाग. पुढच्या क्षणी तो मागे सरला, तिने पदर खोचला आणि चालू लागली. मी तिला विचारलं नाही, आधीही नाही, नंतरही नाही. विचारायचं असतं हे तेव्हा माझ्या मनातच आलं नाही.

काकांनी प्रिंट ट्रेमध्ये उमटू दिला, तारेवर अडकवला. सुकवून झाल्यावर म्हणाले, "चाळीस वर्षांत मला असा एक मिळाला नाही." त्यांनी मोठा प्रिंट काढून स्टुडिओच्या काचेत लावला. मला किती आनंद झाला ते आज लिहायलाही संकोच वाटतो. स्टेशनवरून येताना मी मुद्दाम त्या बाजूने यायचे.

तिथे तो एका स्थानिक साप्ताहिकाच्या संपादकांनी पाहिला. भाद्रपदात ते शाळेत आले आणि दिवाळी अंकासाठी फोटो मागितला. मी आनंदाने दिला. अंक आला तेव्हा फोटो पूर्ण पानभर होता, खाली माझं नाव होतं आणि वर संपादकांनी मथळा घातला होता, 'दोघांचं ओझं'. मला तो मथळा आवडला. हेही सांगायला हवं. मी अंकाच्या पाच प्रती घेतल्या, एक माहेरी पाठवली, एक मुख्याध्यापकांना दिली.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यात शिपाई वर्गावर आला. खाली कुणी भेटायला आलंय म्हणाला. ऑफिसबाहेरच्या बाकावर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. धुतलेला शर्ट, हातात गोल गुंडाळलेला अंक. मला बघून तो उभा राहिला.

"तुमीच का फोटूवाल्या बाई?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, कौतुक करायला आलाय.

"मी चांदीपचा. ही माजी पोरगी," तो म्हणाला आणि त्याने अंक उघडला. पान बोटाने धरून धरून मऊ झालं होतं. "हिचं लगीन ठरलं व्हतं. पौषानंतर करनार व्हतो. त्यांच्याकडं कोनीतरी हा अंक नेऊन दाखवला. काल मानसं येऊन मोडून गेली."

मी म्हणाले, "अहो, पण तो फक्त पाटीला हात देत होता. मी तिथेच होते. मी सांगते ना त्यांना."

"मला ठाव हाय पाटीला हात कसा देत्यात. माजी बायको इतकी वर्सं कोनाचा तरी हात घेत आली." त्याचा आवाज चढला नव्हता. "पन तुमी फोटू इतका चांगला काढलाय, बाई. म्हनून पंचाईत झाली. वाईट काढला असता तर कोनी बगितला नसता."

मी म्हणाले की वर जे लिहिलंय ते मी लिहिलेलं नाही.

"आमच्यात कोन वाचतंय? आमी वाचत नाय. पन बगता येतं."

त्याने अंक पुन्हा गुंडाळला. मला वाटलं शिव्या देईल, काही मागेल, मुख्याध्यापकांकडे तक्रार करेल. त्याने यातलं काहीही केलं नाही. "सांगायला पायजे म्हनून आलो," एवढंच म्हणाला आणि फाटकाबाहेर गेला. मी वर्गावर परत गेले. पोरं फुलदाणी काढत होती. त्यांच्या वह्यांत मला काही दिसत नव्हतं.

त्या रविवारी मी नवऱ्याला घेऊन चांदीपला गेले. शेताच्या कडेला त्यांचं घर होतं. भाताच्या पेंढ्यांची गोल उडवी रचलेली होती. आम्हाला खुर्च्या दिल्या, तांब्याभर पाणी दिलं. मी पुन्हा तेच सांगितलं, की एवढंसं काही होतं, एक सेकंदही नव्हता, त्या आधी काही नव्हतं आणि नंतर काही नव्हतं. मी नवऱ्यामुलाच्या घरी येते, शपथेवर सांगते. आई म्हणाली, "तुमी सांगाल, नि लोकं ऐकतील?" ती मुलगी मागच्या पडवीत भांडी घासत होती. दारातून तिची पाठ दिसत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. निघताना तिच्या मोठ्या भावाने नवऱ्याला बाजूला घेतलं. काय म्हणाला ते नवऱ्याने मला बस स्टॉपवर सांगितलं. पाववाल्याला त्यांनी बाजारातच गाठला होता. तो आता विरारमध्ये दिसणार नाही, म्हणाला.

खरंच दिसला नाही. त्या सायकलवर, त्याच पेटीसकट, दुसराच माणूस यायला लागला. मी त्याला विचारलं. "वो गाँव चला गया," तो म्हणाला आणि पाव मोजू लागला.

संपादकांकडे गेले. खुलासा छापा म्हटलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाई, खुलासा छापला तर ज्यांनी पाहिलं नाही तेही पाहतील." त्यात खोटं काही नव्हतं. होळीच्या सुमाराला शेजारच्या भाजीवालीने सांगितलं की त्या मुलीला वाडा तालुक्याच्याही पलीकडे दिली. बिजवर आहे, पहिलीचा एक मुलगा आहे.

त्याच दुपारी मी स्टुडिओत गेले आणि काकांकडून ती निगेटिव्ह मागून घेतली. काचेतला प्रिंट त्यांनी आधीच उतरवून ठेवला होता, तोही घेतला. "प्रिंट फाडा हवा तर," ते म्हणाले, "निगेटिव्हला हात लावू नका. आज तुमचं डोकं ठिकाणावर नाही." मी ऐकलं नाही. घरी येऊन निगेटिव्ह कात्रीने कापली, प्रिंटचे तुकडे केले आणि मोरीत एका पत्र्याच्या डब्यात सगळं पेटवलं. घरात उरलेले तीनही अंक त्यातच टाकले. फिल्म जळताना घाण वास येतो. तो आठवडाभर बाथरूममधून गेला नाही. नवऱ्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढचं जवळजवळ वर्षभर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. भाजी घ्यायला दुसऱ्या रस्त्याने जायचे. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सेकंदाच्या त्या एवढ्याशा तुकड्याच्या आधी दोघं वाकलेली होती, नंतर वेगळी झाली होती. पाटी उचलायला चार-पाच सेकंद लागले असतील. त्यातला एक तुकडा मी कापून घेतला आणि बाकीचे फेकून दिले. जे राहिलं ते खोटं होतं, आणि ते मी केलं. असं मी स्वतःला सांगत होते. त्यात एक प्रकारचा दिलासा होता, हे मला फार उशिरा कळलं.

पुन्हा सुरुवात झाली ती नवऱ्यामुळे. त्याने एके दिवशी न विचारता रोल आणला आणि टेबलावर ठेवला. "माणसं नको तर डोंगर काढ," म्हणाला. मी जीवदानीचा डोंगर काढला, पापडखिंडीचं पाणी काढलं. सगळे फोटो कॅलेंडरसारखे. मग एका संध्याकाळी, उजेड कमी झालेला असताना, घराखालच्या रस्त्यावर एक म्हातारी चालली होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला एकदम लाज वाटली. बटण दाबता दाबताच मी कॅमेरा खाली घेतला. उजेड नव्हता म्हणून शटर बराच वेळ उघडं राहिलं होतं.

काकांनी रोल धुऊन प्रिंट काढले तेव्हा ती फ्रेम वगळली होती. "हा गेला. हात हलला."

मी म्हटलं, काढून तर द्या.

प्रिंटवर रस्ता होता, दिव्याच्या खांबाचा वरून खाली ओघळ आला होता, आणि मधे एक लांबट, वाकलेली, लुगड्याची आकृती. चालण्याचा थकवा दिसत होता. म्हातारी दिसत नव्हती. तिच्या सख्ख्या मुलाने तिला ओळखलं नसतं. मी तो प्रिंट घरी नेला आणि कितीतरी दिवस बघत राहिले.

त्यानंतर मी तेच करायला लागले, ठरवून. हळू, जास्त उजेड मागणारी फिल्म घ्यायची, लेन्सचं तोंड होईल तितकं बारीक करायचं, पुढे गडद काच लावायची, म्हणजे भर उन्हातही शटर पाव सेकंद, अर्धा सेकंद उघडं ठेवता येतं. आणि ते उघडं असताना कॅमेरा हलवायचा. उभ्या माणसांसाठी वरून खाली. रिक्षा, सायकली, घोळक्यांसाठी आडवा, त्यांच्या चालीने. जोरात हलवला तर नुसते फराटे येतात, कमी हलवला तर चूक वाटते. मधलं माप हाताला सापडायला माझी दोन वर्षं गेली. रोलमधले दोन फोटो धड यायचे, बाकी फुकट. ज्या काकांनी मला स्थिर उभं राहायला शिकवलं त्यांना हे बघवत नव्हतं, पण त्यांनी कधी रोल धुवायला नकार दिला नाही. याला 'इंटेन्शनल कॅमेरा मूव्हमेंट' असं नाव आहे आणि जगात अनेक जण हे करतात, हे मला पुष्कळ वर्षांनी मुंबईतल्या एका फोटोग्राफरने सांगितलं. तोपर्यंत मला वाटत होतं, हे माझं एकटीचं प्रायश्चित्त आहे.

मी पुन्हा बाजारात जायला लागले. आता कुणाला विचारायची गरज वाटत नव्हती, कारण कुणी दिसणारच नव्हतं. त्या मधल्या वर्षांत विरार भराभर बदलत होतं. शेताच्या जागी इमारती उठत होत्या, रस्त्यावर माणसं मावत नव्हती. माझ्या फोटोंत ती सगळी वाहत्या रंगासारखी दिसायची. कृष्णधवल सोडून मी रंगीत रोलवर आले होते. लोक म्हणायचे, या बाई चित्रकलेच्या, म्हणून फोटोसुद्धा चित्रासारखे काढतात.

दोन हजार सालानंतर इथल्या एका वाचनालयाने त्यांच्या सभागृहात माझं प्रदर्शन भरवलं. तीस-बत्तीस फोटो होते. मी बाजारातल्या बायकांना बोलावलं. बहुतेक आल्या नाहीत. एक आली, अर्नाळ्याकडची सुकी मासळी विकणारी, टोपली बाहेर पायरीवर ठेवून. तिचा फोटो दाराजवळच होता. मी तिला त्याच्यासमोर नेलं. निळं लुगडं, वर पिवळा पट्टा, चंदेरी टोपली, सगळं एकमेकांत मिसळलेलं. मला तो फोटो फार आवडायचा.

तिने बराच वेळ पाहिलं. "यात मी कुठं?"

मी बोटाने दाखवलं.

"माजं तोंड पुसलं कशाला?"

मी समजावायला लागले, की ओळखू येऊ नये म्हणून, तुमचाच विचार करून. ती ऐकत होती, पण तिला ते पटत नव्हतं. "मी काय चोरी केली हाय?" ती म्हणाली. मग भिंतीवरचे बाकीचे फोटो एकेक बघत गेली, कुठेतरी तोंड सापडेल म्हणून. सापडलं नाही. ती टोपली उचलून गेली. लोकांनी अभिप्रायाच्या वहीत चांगलं चांगलं लिहिलं, पण मला त्यातलं एकही वाक्य आठवत नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी, थंडीतल्या एका सकाळी, बाजारात मला कुणीतरी "बाई" म्हणून हाक मारली. शेंगांची पाटी पुढे ठेवून एक बाई बसली होती. अंगाने सुकलेली, केसांत पांढरं आलेलं. मी ओळखलं नाही. ती हसली नाही, नुसती बघत राहिली, आणि मग ओळखलं. तीस वर्षांचीही नसेल ती तेव्हा.

मला पाय मागे घ्यावेसे वाटले. पण ती म्हणाली, "बसा ना," आणि गोणपाटाचा कोपरा पुढे सरकवला. मी भर रस्त्यात तिच्याशेजारी बसले. तिने सांगितलं, नवरा दोन वर्षांमागे गेला. तिला एक मुलगी, सावत्र मुलगा वेगळा राहतो. बापही वारला. भावांनी एक खोली दिली आहे, म्हणून चांदीपला परत आली. हे सगळं ती गिऱ्हाइकाला शेंगा तोलून देता देता सांगत होती. मधूनच थांबायची, सुटे पैसे द्यायची, मग पुढे.

मी इतकी वर्षं मनात घोकलेलं वाक्य बोलले. "माझ्यामुळे झालं सगळं. तो फोटो खोटा होता. त्याने नुसता पाटीला हात दिला होता, आणि मी त्याचं काहीतरी भलतंच करून ठेवलं."

तिने हातातला तराजू खाली ठेवला.

"खोटा नव्हता, बाई."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"तो रोज थांबायचा. मी पन मुद्दाम पाटी भरलेली ठेवायची, एकटीला उचलू नये अशी. शेजारनीला सांगायची, तू नको, तुजं चालू दे." ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "दोन वर्सं चाललं व्हतं. बोलनं पन नाय, नुसतं हात द्यायचं. तुमी घरी येऊन सांगत व्हत्या ना, काय नव्हतं, काय नव्हतं. मी मागं ऐकत व्हते. मला वाटलं उठावं नि सांगावं, बाईंना बरोबर दिसलंय."

मग मी विचारलं, तो कुठे आहे, काही कळलं का. तिने मान हलवली. नाही.

"तो फोटू हाय का तुमच्याकडं?" तिने विचारलं. "मी एकदाच बगितला. आबाने दाखवला नि लगेच घेतला. मी नीट बगितलाच नाय. त्याचं तोंड कसं आलंय त्यात?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हणाले, "मी जाळला."

"का?"

"तुझ्यासाठी," मी म्हणाले, आणि ते शब्द माझे मलाच ऐकवले नाहीत.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने तराजू पुन्हा उचलला. "मला विचारायचं तरी," म्हणाली.

त्यानंतरचे दोन महिने मी तो अंक शोधत होते. माहेरी पाठवलेली प्रत आईने केव्हाच रद्दीत घातली होती, मुख्याध्यापकांना दिलेलीही सापडली नाही. साप्ताहिक बंद पडलं होतं. संपादक नालासोपाऱ्याला मुलाकडे राहत होते, त्यांच्याकडे त्या वर्षाचा अंक नव्हता. स्टुडिओवाले काका गेले होते आणि त्यांच्या सुनेने डार्करूमची खोली झेरॉक्सच्या दुकानाला भाड्याने दिली होती. शेवटी ज्या वाचनालयात माझं प्रदर्शन झालं होतं तिथे, माळ्यावरच्या गठ्ठ्यांत एक प्रत सापडली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण ते पान बचावलं होतं. छपाई वाईट होती. तिचा चेहरा ठीक होता. त्याच्या चेहऱ्यावर शाई दाटली होती, तरी डोळे दिसत होते. ग्रंथपालबाईंना मी खरं कारण सांगितलं. त्यांनी वहीत काही न लिहिता अंक माझ्या पिशवीत घातला.

मी तो घेऊन बाजारात गेले. गर्दी ओसरायची वाट पाहिली, मग तिच्या मांडीवर पान उघडून ठेवलं. ती कितीतरी वेळ वाकून बघत होती. एकदा तिने बोट पुढे नेलं, पण कागदाला लावलं नाही. एक गिऱ्हाईक भाव विचारून, उत्तर न मिळाल्याने निघून गेलं. वरचा मथळा तिला वाचता येत नव्हता आणि तिने तो विचारला नाही.

मग तिने अंक मिटला आणि माझ्या हातात दिला.

"घरात कुठं ठेवू? पोरगी आता वाचते. भाऊ हायत. तुमच्याकडंच राहू दे. कदी वाटलं तर येईन बगायला."

मी तिला घराचा पत्ता सांगितला, इमारतीची खूण सांगितली, दुपारी मी एकटीच असते तेही सांगितलं. ती हो म्हणाली. पुढच्या पावसाळ्यानंतर तिची जागा बाजारात रिकामी दिसायला लागली. भावांनी शेत विकलं, असं कुणी सांगितलं, ती मुलीला घेऊन वाड्याकडे गेली, असं कुणी सांगितलं. मी पुन्हा चांदीपला गेले नाही. जायला हवं होतं का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

कॅमेरा मी आजही हलवते. हाताला तेच येतं आता, आणि तसे फोटो मला खरोखर आवडतात. पण ते कुणाच्या भल्यासाठी आहेत, असं मी म्हणत नाही. आधी माणसाजवळ जाते, नमस्कार करते आणि विचारते, तोंड दिसायला हवं की नको. बरेच जण नको म्हणतात. काही जण केस नीट करतात, सरळ उभे राहतात आणि लेन्सकडे बघतात. तेव्हा मी पाय फाकवून, कोपरं बरगड्यांना लावून उभी राहते. पण आता माझे हात पूर्वीसारखे स्थिर राहत नाहीत, आणि प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी क्षणभर भीती वाटतेच.